एकच देवता, सात नाती

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: ‘सेरेमोनियल मॅजिक शिकायचं आहे, तर सुरुवात कुठल्या देवतेपासून करू?’ आज त्याच्यावरच बोलू.

पाश्चात्त्य विधींच्या या परंपरेत देवतेच्या भक्तीवर एक छोटं, नेमकं पुस्तक आहे. त्याचं नाव ‘लिबर अस्तार्ते’. लेखक इंग्रज, अलिस्टर क्रौली. १९१२ मध्ये ते त्यांच्या ‘द इक्विनॉक्स’ या नियतकालिकात छापलं गेलं. त्याआधी १९०१ मध्ये क्रौली श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, योग शिकून आले होते. त्यामुळे त्यांचा भक्तिमार्ग आपल्याला ओळखीचा वाटतो. मात्र हा माणूस आदर्श म्हणून डोक्यावर घेण्यासारखा नाही. त्यांची पद्धत तेवढी घ्या.

ती पद्धत अशी. एक देवता निवडायची. तिची पूजा तिच्याच रीतीने करायची: इजिप्तच्या ओसायरिसला इजिप्तचा विधी, ख्रिस्ताला ख्रिस्ती. खिचडी करायची नाही. एक ठरलेली जागा, एक छोटा मंत्र आणि एक आवाहन. हे आवाहन भक्ताने स्वतः रचायचं, आणि त्यात सात नाती यायला हवीत. मालकापुढे गुलाम, राजापुढे सरदार, आईबापांपुढे मूल, देवापुढे पुजारी, मग भावाशी भाऊ, मित्राशी मित्र, आणि शेवटी प्रेयसीपुढे प्रियकर. धाकापासून निघून प्रेमापर्यंत जायचं. आपल्याकडच्या नवविधा भक्तीत दास्य आणि सख्य आहे, त्याच्याशी ताडून पाहा.

आता नवशिक्यांसाठी महत्त्वाची गोष्ट. क्रौलींनी हा अभ्यास त्यांच्या संघटनेत बऱ्याच वरच्या पायरीवर ठेवला होता. अगदी पहिल्या पायरीवरच्या उमेदवाराचं मुख्य काम होतं रोजनिशी लिहिणं. फौजेत रिक्रूटला पहिल्या दिवशी तोफ देत नाहीत, आधी परेड. तसंच हे.

म्हणून पहिले ३ महिने एवढंच करा: रोज ठरलेल्या वेळी १५ मिनिटं, दिवा, फूल, मंत्र. मग वहीत तारीख, वेळ आणि मन कसं होतं ते लिहा. काही मागू नका. थोड्या दिवसांनी मन कोरडं पडेल, काहीच वाटणार नाही. बहुतेक जण तिथेच देवता बदलतात. तुम्ही बदलू नका. खरी साधना त्या कोरड्या दिवसांतच होते.

झोप उडाली, आवाज ऐकू यायला लागले, घरच्यांशी बोलणं तुटलं, तर मात्र लगेच थांबा आणि डॉक्टरांना भेटा. आणि भीती घालून पैसे मागणारा कुणी ‘गुरू’ भेटला, तर त्याला दारातूनच रामराम करा.

याहून मोठा धोका मात्र यशाचा आहे. उत्कट अनुभव आला की माणूस म्हणतो, माझीच देवता खरी, बाकीच्या खोट्या. क्रौलींनी याच चुकीला सगळ्या कट्टर धर्मांचं मूळ म्हटलं आहे. एकनिष्ठ राहा, पण शेजाऱ्याच्या देवघरापुढेही हात जोडता आले पाहिजेत. ते जमत नसेल, तर वही उघडून पुन्हा पहिल्या पानापासून वाचा.

पुढच्या भागात रोजनिशी कशी लिहायची ते पाहू. जय हिंद.