दंश हे सापाचे शेवटचे शस्त्र

परभणी : पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते आणि कापूस-सोयाबीनच्या रानात, धुऱ्यावर, गोठ्यात सापांचा वावर वाढतो. साप दिसताच काठी शोधली जाते. वास्तविक माणूस हे सापाचे भक्ष्य नव्हे. त्याच्या लेखी माणूस म्हणजे मुंगूस, घुबड, मोर यांच्या पंक्तीतला आणखी एक शत्रू. विष हे प्रामुख्याने उंदीर-बेडकांसारखे भक्ष्य मिळविण्यासाठी असते. ते शत्रूवर खर्च करण्यापूर्वी बहुतेक विषारी साप आधी इशारा देतात.

नागाचा फणा सर्वांना ठाऊक आहे. घोणस वेटोळे घालून कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फूत्कार सोडते. खडकाळ माळावरचे फुरसे अंगावरचे करवती खवले एकमेकांवर घासून खरखर असा आवाज करते. शेतात अंडी घालणारी टिटवी जवळ येणाऱ्याच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, त्यातलाच हा प्रकार. इशारा ओळखून माणूस मागे सरला, तर दंशाचा प्रसंग बहुधा टळतो.

बिनविषारी सापांजवळ हे शेवटचे शस्त्र नसते. ते सोंगावर निभावतात. गोदावरी-दुधनेच्या पाणथळ काठी आढळणारा दिवड डिवचला असता मान चपटी करतो आणि नाग समजून मारला जातो. घरात शिरणारा कवड्या मण्यारीसारखा दिसतो. कवड्याचे पांढरे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे नेमके उलट. मुंगसाला फसविणारे सोंग माणसापुढे मात्र जिवावर बेतते.

मांडुळाची गत तर अधिकच विपरीत. संकट येताच ते डोके वेटोळ्यात दडवून बोथट शेपटी पुढे करते. शत्रूने चावा घेतलाच, तर तो शेपटीवर बसावा, एवढाच त्यातला हिशेब. अनेक मांडुळांच्या शेपटीवर अशा जखमांचे व्रण आढळतात. माणसाने मात्र त्यावरून त्याला ‘दुतोंड्या’ ठरविले आणि गुप्तधनाच्या खुळ्या समजुतीपायी त्याची तस्करी सुरू झाली. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार हा गुन्हा आहे.

या साऱ्याला अपवाद मण्यारीचा. ती रात्री फिरते, भक्ष्याच्या शोधात घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला कोणत्याही इशाऱ्याविना दंश करते. वेदना नाममात्र असते, सूजही बहुधा येत नाही. पोटदुखी किंवा जड झालेल्या पापण्या हीच पहिली लक्षणे ठरू शकतात. म्हणून शेतावरच्या आखाड्यात झोपताना खाट वापरावी आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. दंशाची शंका आली तरी मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष दिले जाते. त्यामुळे डॉक्टरांना दाखविण्यासाठी साप मारून नेण्याची गरज नसते.