ओलीतला ट्रॅक्टर आणि ग्रीसगन

आयर्लंडमध्ये जुनं यंत्र कामाने कमी आणि ओलीने जास्त मरतं. पाऊस आपल्यासारखा चार महिने कोसळून मोकळा होत नाही, वर्षभर रिपरिपत राहतो. म्हणून इथे खोदाईचा हात लावलेला जुना छोटा ट्रॅक्टर घेणाऱ्याने आधी चांगली ग्रीसगन घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

या हाताला इंग्रजीत बॅकहो म्हणतात. आपल्याकडे कंपनी कुठलीही असो, तो 'जेसीबी'च! माझ्याकडचा ट्रॅक्टर जपानी, वापरलेला. पाणी काढायला चर खणायचे, खोडं उपटायची, एवढंच त्याचं काम. पण सगळा ताण येतो तो सांध्यांवर. बूम, मधला हात, बकेट, बाजूला वळणारा खांब, टेकूचे दोन पाय. प्रत्येक सांध्यात एक पोलादी पिन आणि तिच्याभोवती बुश. ग्रीस संपलं की चिखल आत शिरतो आणि त्यातली वाळू पॉलिश पेपरसारखी दोघांना घासते. बुश बदलता येतो. पिनचं भोकच लंबगोल झालं, तर मात्र वेल्डिंगने भरून पुन्हा बोअर करावं लागतं, आणि इथल्या मजुरीत ते जुन्या यंत्राला परवडत नाही. ग्रीसचं काडतूस काही युरोंत येतं.

खोदाईच्या आठ-दहा तासांनंतर ग्रीस द्यावं. चिखलात काम झालं असेल तर त्याच संध्याकाळी. इंजिन बंद, बकेट जमिनीला टेकलेली. निप्पल आधी फडक्याने पुसा, नाहीतर वरची माती आपणच आत ढकलतो. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून मागून स्वच्छ दिसेपर्यंत पंप मारा. आत जातच नसेल तर हात जरा हलवून पुन्हा टेकवा, पिनवरचा भार सुटतो. तरीही नाही? निप्पल बदलून टाका, स्वस्त असतं. पुढच्या आसाची मधली पिन दिसत नाही म्हणून हमखास राहून जाते.

काम संपलं की सिलिंडरचे चकचकीत दांडे शक्यतो आत घ्या. बाहेर राहतील त्यांना ग्रीसचा पातळ हात द्या. दांड्यावर गंज धरला की तेलाचं सील फाटतं. हायड्रॉलिक तेल दुधाळ दिसलं तर समजा, पाणी शिरलंय. आणि गळती कधीही बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं.

या बेटाचं ट्रॅक्टरशी नातं जुनं आहे. कॉर्कच्या कारखान्यातून पहिला फोर्डसन 1919 मध्ये बाहेर पडला. 'मॅसी फर्ग्युसन'मधला हॅरी फर्ग्युसन 1884 मध्ये काउंटी डाउनमध्ये, म्हणजे आजच्या उत्तर आयर्लंडमध्ये जन्मला. गावाकडे ट्रॅक्टरमागे नांगर उचलणारे तीन दांडे दिसतात ना, ती हायड्रॉलिक जोडणी त्यानेच रूढ केली. 1946 ते 1956 दरम्यान कॉव्हेंट्रीत बनलेले त्याचे राखाडी टीई-20 इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत अजून स्वतःच्या चाकांवर येतात.

नांगराला उत्तम असलेली ही जोडणी बॅकहोसाठी मात्र धोक्याची. नुसता तीन दांड्यांवर टांगलेला बॅकहो जोरात खणताना वर उसळून चालकाला ट्रॅक्टरवर चिरडू शकतो. त्याला ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाणारी पक्की फ्रेम हवी. विकत घेताना वाकून ती आहे का बघा, आणि ग्रीस देता देता तिच्या बोल्टांवरही पाना फिरवा.