बसलेली सीट घरी दुरुस्त होते, पण तारांना जपून

पंढरपूर - एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद करून उन्हात लावलेली मोटार आतून त्याहूनही अधिक तापते. या उष्णतेने सीटचे चामडे कोरडे पडते आणि आतला फोम आपली लवचिकता गमावतो. काही वर्षांनी सोलापूरपर्यंतच्या सुमारे ७० किलोमीटरच्या प्रवासातही सीटखालचा लोखंडी सांगाडा मांडीला टोचू लागतो. असा फोम घरच्या घरी बदलता येतो. मात्र, आजची सीट म्हणजे केवळ गादी उरलेली नाही, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

पूर्वी सीटमध्ये स्प्रिंगांवर काथ्या किंवा घोड्याचे केस भरले जात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचा शोध लावला आणि पुढे त्याच्या फोमने ही जागा घेतली. कारखान्यात हा फोम साच्यात ओतून घडविलेला असतो. कव्हर ओढून बसविण्यासाठी त्यात खाचा आणि तारा असतात. त्यामुळे संपूर्ण फोम फेकून देणे शहाणपणाचे नाही. आपल्याकडे चालक उजव्या बाजूने चढतो-उतरतो, म्हणून बहुधा उजवी कडच प्रथम खचते. तेवढाच भाग धारदार सुरीने कापून नवा तुकडा चिकटवावा.

हा तुकडा कोणता, यावर बरेच अवलंबून असते. फोमची घनता म्हणजे एका घनमीटरचे किलोग्रॅममधील वजन. गादीच्या दुकानातील मऊ, हलका फोम हाताला छान लागतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो. ४० किंवा त्याहून अधिक घनतेचा फोम मागावा. डिंक ज्वलनशील असल्याने काम मोकळ्या हवेत करावे.

खरी जोखीम सीट काढताना असते. १ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या नव्या मोटारींत चालकाबरोबरच शेजारच्या प्रवाशालाही सीटबेल्टची आठवण करून देणारी यंत्रणा बंधनकारक झाली. त्यासाठी पुष्कळ गाड्यांत प्रवाशाच्या सीटमध्ये वजन ओळखणारा पातळ पडदा असतो. तो कापला अथवा दुमडला गेला, तर यंत्रणा चुकीचा इशारा देते. पाठीच्या कडेला 'एअरबॅग' असे लिहिलेले असल्यास त्या भागाला घरी हात लावू नये. ते काम अधिकृत कार्यशाळेचे. बसण्याचा भाग काढण्यापूर्वीही बॅटरीची ऋण तार सोडवून वाहनाच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे आणि मगच सीटखालच्या जोडण्या सोडवाव्यात.

चामडे खालच्या बाजूस प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आणि आत लोखंडी रिंगांनी अडकविलेले असते. रिंगा पकडीने कापण्याआधी त्यांच्या जागांची छायाचित्रे घ्यावीत. चामडे परत चढविताना फोमवर पातळ प्लास्टिकची पिशवी घातल्यास ते सहज सरकते. नंतर पिशवी ओढून काढावी. आखडलेले चामडे अर्धा तास उन्हात ठेवले की नरम होते. पंढरपूरकरांना त्यासाठी वेगळा खर्च नाही! चामड्याच्या नावाने मिळणारी पुष्कळ कव्हरे प्रत्यक्षात कृत्रिम असतात. आतल्या बाजूस विणलेले कापड दिसले, तर ते कृत्रिम समजावे आणि जुने असल्यास फार ताणू नये.

सीटबेल्टचे कुलूप अनेक गाड्यांत सीटलाच जोडलेले असते. अपघातात त्याचा सारा ताण सीटच्या बोल्टवर येतो. हे बोल्ट अंदाजाने न आवळता पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्यानेच आवळावेत. असा पाना घरी नसल्यास गॅरेजमध्ये जाऊन तेवढे काम करून घ्यावे.