खडकावर आपटलेल्या नावेची परीक्षा

आमचे सिंदी गाव समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. येथील मुलांच्या परिचयाची वाहने म्हणजे बैलगाडी, आगगाडी व ट्रॅक्टर. तेव्हा नावेच्या यंत्राविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांस येणे साहजिक आहे. परंतु आपल्याच सेलू तालुक्यात बोर नदीवर मोठे धरण आहे. आणि कोकणात सहलीस गेलेला विद्यार्थी सिंधुदुर्ग किल्ला पाहावयाचा म्हटला की मालवणच्या किनाऱ्यावरून यांत्रिक नावेत बसतोच. तेथील पाण्यात खडक पुष्कळ आहेत. नावेस पाण्याखालचा खडक लागला, क्षणभर हिसका बसला आणि नाव पुन्हा चालू लागली, तर ती धड आहे असे समजावे काय? या एका प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहो.

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नव्हे. मुंबईजवळ कुलाब्याच्या दक्षिणेस समुद्रात खडकांची एक रांग आहे. तिच्यापासून जहाजांस सावध करण्यासाठी १८७५ साली तेथे प्राँग्स नावाचा दीपस्तंभ उभारण्यात आला. तरीही २४ ऑक्टोबर २०१८ रोजी, छत्रपती शिवाजी महाराजांच्या नियोजित स्मारकाच्या जागेकडे निघालेली एक वेगवान नौका मुंबईच्या समुद्रात खडकावर आपटून बुडाली व एका तरुणाचा अंत झाला. दिव्याने जागा दाखविली तरी पाण्याखालचा प्रत्येक दगड काही डोळ्यांस दिसत नाही.

आता नाव चालते कशी ते पाहू. नावेच्या मागे पाण्यात जे पात्यांचे चक्र फिरते त्यास पंखा म्हणतात. लाकडात स्क्रू फिरविला असता तो जसा पुढे सरकतो, तसा हा पंखा पाण्यास मागे रेटून नावेस पुढे नेतो. इंजिनाची शक्ती एका पोलादी दांड्यातून व दातेरी चक्रांतून त्याच्यापर्यंत पोहोचते. त्याचे सारे सामर्थ्य पात्यांच्या आकारात असते. इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्याने १८३६ साली अशा पंख्याचे पेटंट घेतले. पुढील वर्षी लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असता त्याचा दोन वेढ्यांचा लाकडी स्क्रू कशास तरी आपटून निम्मा तुटला. आणि नवल असे की नाव अधिकच वेगाने धावू लागली! मूळचा आकार बरोबर नव्हता, म्हणून हा अपघात त्यास लाभला. आजचे पंखे मोजमाप करून घडविलेले असतात. त्यांच्या पात्यास पडलेला बाक लाभाचा होईल ही आशा व्यर्थ होय.

खडकाचा आघात प्रथम पात्यावर होतो. पण तो तेथेच थांबत नाही. पात्यावरून दांड्यावर, दांड्यावरून त्यास आधार देणाऱ्या बेअरिंगवर व पाणी अडविणाऱ्या सीलवर, आणि तेथून दातेरी चक्रांवर तो जातो. म्हणून जे सहज दिसते ते नुकसान पुष्कळदा सर्वांत लहान असते. हा धक्का आत पोहोचू नये यासाठी कारागिरांनी एक युक्ती केली आहे. लहान इंजिनांत पंखा व दांडा यांस जोडणारी मऊ धातूची खीळ असते. मोठ्यांत पंख्याच्या मध्यभागी रबराचा जाड वेढा बसविलेला असतो. आघात होताच खीळ तुटते किंवा रबर घसरते, आणि मोलाची चक्रे वाचतात. घरातील विजेचा फ्यूज जे काम करतो तेच हे काम. अशा खिळीच्या जागी पोलादी खिळा ठोकणे म्हणजे रक्षकास काढून टाकणे होय.

आघात होताच नावाड्याने प्रथम इंजिन बंद करावे. यंत्राची चौकशी मागाहून. आधी माणसे आणि नावेचा तळ. सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे आहेत ना, तळाशी पाणी चढत नाही ना, हे पाहावे. नाव वाहत पुन्हा खडकाकडे जात असेल तर नांगर टाकावा. तळ शाबूत दिसला तर अगदी मंद गतीने किनारा गाठावा आणि खरी परीक्षा तेथे करावी.

परीक्षेपूर्वी इंजिन चुकूनही सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी; किल्ली काढावी, पेट्रोलचे इंजिन असल्यास प्लगची तारही काढावी. मग बैलगाडीचे चाक आठवावे. चाक डुलू लागले तर शहाणा गाडीवान विचारतो, दोष आऱ्यांत आहे की आसच वाकला आहे? येथेही तोच प्रश्न आहे. पात्याच्या टोकाजवळ एक काठी पक्की धरावी आणि पंखा हाताने हळूहळू फिरवावा. प्रत्येक पाते काठीपासून सारख्याच अंतरावरून गेले पाहिजे. एकच पाते पुढेमागे गेले आणि मधला गाभा स्थिर फिरला, तर पाते वाकले आहे. गाभाच डुलू लागला, तर दांडा वाकल्याचा संशय घ्यावा. पंखा उतरवून नुसत्या दांड्याच्या टोकाजवळ काठी धरली म्हणजे त्याची खात्री होते. पंखा फिरविताना अडखळला किंवा आत करकर वाजले, तर दोष आणखी खोल आहे.

त्यानंतर तेलाकडे वळावे. दातेरी चक्रे वंगणाच्या तेलात बुडालेली असतात. नावेच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनात ही चक्रे अगदी खाली, पाण्यातच असतात. तेथील तळचा स्क्रू किंचित सैल केला असता आधी पाणी आले, किंवा तेल दुधासारखे पांढुरके निघाले, तर सील फुटून पाणी आत शिरले आहे हे निश्चित समजावे. तेलात धातूचे कण सापडले तर चक्राचे दात तुटले असण्याचा संभव आहे. लोहचुंबकावर येणारी बारीक राखी चिखलासारखी भुकटी नेहमीच्या झिजेची असते. टोकदार तुकडे मात्र आघाताची साक्ष देतात.

चालत्या नावेची लक्षणेही बोलकी असतात. इंजिन जोराने ओरडते पण नाव पुढे जात नाही, तर खीळ तुटली किंवा रबर घसरले. संशय असल्यास रबराच्या आतील व बाहेरील भागांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. नाव चालविल्यावर रेघ तुटलेली दिसली तर निकाल लागला. वेगाबरोबर थरथर वाढते, तर पाते किंवा दांडा वाकला. नाव एका अंगास ओढते, तर सुकाणूस इजा झाली. इंजिन तापते, तर थंड पाणी आत घेणारे छिद्र वाळूने बुजले असेल. इंजिन नावेच्या पोटात असल्यास दांडा जेथून बाहेर जातो तेथे पाणी नेहमीपेक्षा अधिक पाझरते काय, तेही पाहावे. चाचणीची ही फेरी प्रवासी न घेता, इतर नावांच्या वाटेपासून दूर घ्यावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेणाऱ्या नौदलाच्या वेगवान नौकेवरील ताबा सुटला आणि ती घारापुरीस निघालेल्या प्रवासी नौकेवर आदळून डझनाहून अधिक माणसे मेली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

येथे कोणी म्हणेल, नाव चालते आहे, मग एवढी उठाठेव कशास? उत्तर असे की वाकलेला दांडा आज चालतो, पण प्रत्येक फेऱ्याला तो बेअरिंग झिजवितो. झिजलेले बेअरिंग सील सैल करते. सैल सीलमधून पाणी शिरते. पाण्याने तेल नासते व चक्रे गंजतात. मग एके दिवशी, किनारा दूर असता आणि वारा सुटला असता, यंत्र थांबते. नावाड्याचे पोट मोसमातील फेऱ्यांवर असते. एक दिवस नाव ओढून ठेवणे त्यास जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु त्या एका दिवसाच्या मोबदल्यात तो दुसऱ्यांची मुले पणास लावतो.

बायबलातील प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौलाच्या जहाजाची हकीकत आहे. त्यावर २७६ माणसे होती. मध्यरात्री खलाशांस जमीन जवळ आल्याचा संशय आला, तेव्हा त्यांनी अंदाजावर विसंबून न राहता दोरी सोडून पाणी मोजले. आधी वीस वाव, मग पंधरा वाव. खोली कमी होते आहे हे कळताच त्यांनी मागील बाजूने चार नांगर टाकले. पुढे जहाज फुटले, पण माणसे सर्व वाचली. जे डोळ्यांस दिसत नाही ते मोजून पाहावे, हाच त्या खलाशांचा धडा आहे. सहलीत आपल्या नावेस हिसका बसला, तर नावाड्यास नम्रपणे विचारावे, “काका, पंखा उचलून पाहिलात का?” हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही विद्यार्थ्याने संकोचू नये, आणि आईबापांनी तर मुळीच नव्हे.