अदमास कोणाचा आणि झळ कोणाला?

तेजी-मंदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शेअरबाजार येतो, नाही तर सरकारी धोरण. परंतु पुष्कळशी तेजी-मंदी गिऱ्हाइकाने आणलेली नसतेच. ती वाटेत तयार होते. गिऱ्हाइकापासून दुकानापर्यंत, दुकानापासून कारखान्यापर्यंत आणि कारखान्यापासून लहान वर्कशॉपपर्यंत एक साखळी असते. या साखळीतील प्रत्येक कडी आपल्यापुरता अदमास बांधते व तो दुसरीला सांगत नाही. या अबोल्याची किंमत अखेरच्या कडीला बांधलेला कामगार मोजतो. हे कसे घडते आणि त्यावर उपाय काय, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्या नागपुरात याला कूलरसारखे दुसरे उदाहरण नाही. होळी झाली की घरोघर कूलर बाहेर निघतात, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात, आणि पारा चढू लागला की सीताबर्डीपासून गोकुळपेठेपर्यंत नव्या कूलरची विचारपूस सुरू होते. पण कूलर काही वैशाखात हुकूम सोडला म्हणून वैशाखातच तयार होत नाहीत. पत्रा, पंखा, पंप यांची जुळवाजुळव थंडीतच करावी लागते. म्हणजे शेकोटीजवळ बसून उन्हाचा अदमास बांधायचा! चैत्रात अवकाळी पाऊस आला की तो चुकतो. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी तर टाळेबंदीने ऐन हंगामात दुकाने बंद पडली. निसर्गाचा आणि रोगराईचा दोष कोणाच्या माथी मारता येत नाही. परंतु जी चूक माणसांच्या वागण्यातून निघते, तिचा हिशेब मांडता येतो. तो आपण मांडून पाहू.

समजा, एक दुकानदार आहे, त्याच्यामागे घाऊक व्यापारी आहे, त्याच्यामागे कूलर जोडणारा कारखाना आहे, आणि कारखान्याला पत्र्याच्या पेट्या पुरवणारे एक वर्कशॉप आहे. महिन्याला १०० कूलर खपतात. प्रत्येकाचा नियम एकच : महिनाअखेर त्या महिन्याच्या खपाइतका माल शिल्लक असावा. नियमात काही गैर नाही. आता एका महिन्यात खप ११० झाला. दुकानदाराला विकलेले ११० भरून काढायचे आहेत आणि शिल्लकही १०० वरून ११० करायची आहे. तो १२० मागवतो. व्यापाऱ्याला वाटते, मागणी १२० झाली; तो त्याच नियमाने १४० मागवतो. कारखान्याला १४० दिसतात. तो वर्कशॉपकडे १८० पेट्या मागतो. गिऱ्हाईक वाढले दहांनी, पेट्या वाढल्या ऐंशींनी!

पुढच्या महिन्यात खप ११० वरच राहिला. दुकानदार ११० मागवतो. व्यापाऱ्याजवळ १२० शिल्लक आहेत, त्याला आता ११० च हव्यात. तो १०० वर भागवतो. कारखान्याजवळ १४० शिल्लक आहेत, त्याला १०० पुरतात. तो फक्त ६० पेट्या मागवतो. गिऱ्हाईक दोन्ही महिने ११० वर स्थिर. पण वर्कशॉपला पहिल्या महिन्यात १८० आणि दुसऱ्या महिन्यात ६०. पहिल्या महिन्यात रात्रपाळी, दुसऱ्या महिन्यात ‘उद्यापासून येऊ नका’. यात कोणी लबाडी केली नाही, कोणी आळस केला नाही. प्रत्येक जण आपल्या जागी शहाणपणानेच वागला, आणि सर्वांचे शहाणपण मिळून एका माणसाची रोजी गेली.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली ग्रंथ लिहून हा प्रकार शास्त्रशुद्ध रीतीने दाखवून दिला. पुढे प्रॉक्टर अँड गँबल कंपनीला बाळांच्या डायपरच्या बाबतीत तोच अनुभव आला. बाळे काही तेजी-मंदी पाहून कपडे ओले करीत नाहीत. खप जवळजवळ सारखा, पण मागण्यांत मोठे चढउतार. या प्रकाराला चाबकाचे नाव पडले, कारण मुठीपाशी मनगट थोडे हलले तरी टोक सपकन फिरते. १९९७ साली हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची चार कारणे सांगितली. प्रत्यक्ष विक्री न पाहता आलेल्या मागणीवरून पुढचा अदमास बांधणे, हे पहिले. गाडी पूर्ण भरावी म्हणून मागणी साठवून एकदम पाठवणे, हे दुसरे. सवलतींची योजना निघाली की गरजेपेक्षा जास्त उचलणे, हे तिसरे. आणि टंचाईची हूल उठली की वीस हवे असताना पन्नास मागणे व मग तीस रद्द करणे, हे चौथे. चारही गोष्टी आपल्या बाजारात रोज घडतात.

उपाय परदेशातूनच आणावा लागेल असे मात्र नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. सहकारी कारखान्यांत ऊसनोंदीची जी पद्धत रूढ झाली, ती नीट पाहा. सभासदाने ऊस लावला की चिटबॉय शिवारात जाऊन गट, क्षेत्र, जात आणि लागवडीची तारीख नोंदवतो. आडसाली किती, सुरू किती, खोडवा किती, हे हंगामाच्या कितीतरी आधी कारखान्याला कळते, आणि त्यावरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. तोडलेला ऊस वाळत पडला तर उतारा घटतो, म्हणून गाळप आणि तोडणी यांचा मेळ बसवावाच लागतो. येथे पुरवठा करणारा शेतकरी कारखान्याचा मालकही आहे. म्हणून माहिती लपवण्याचे कारण कमी. अदमास आणि सहकार्य या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे आपल्या शेतकऱ्याने पुस्तक न वाचता ओळखले.

पण याच साखळीच्या टोकाला मराठवाड्यातून उचल घेऊन आलेले ऊसतोडीचे जोडपे आहे. ऊस कमी निघाला, हंगाम लवकर आटोपला, तर त्यांचे कामाचे दिवस घटतात. उचल मात्र घटत नाही, ती अंगावर राहते. नोंदवहीत उसाची तारीख असते, पण कोयता चालवणाऱ्याच्या दिवसांची हमी नसते. सहकार्याची वेस तेथे संपते.

म्हणून माझे म्हणणे असे की, सहकार्याच्या गोष्टी बोलणाऱ्याने तीन गोष्टी द्याव्यात. पहिली, खरी विक्री. दुकानातील खपाचा आकडा वर्कशॉपला सरळ कळला, तर १८० आणि ६० चा खेळच होत नाही; त्याला दोन्ही महिन्यांत ११० च दिसतील. दुसरी, शब्द. ठरलेल्या मुदतीच्या आत मागणी बदलायची नाही. बदललीच तर त्याचा खर्च बदलणाऱ्याने सोसायचा. तिसरी, वेळेवर पैसा. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे बिल फार तर ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आणखी एक पाचर मारली : मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट प्राप्तिकरात त्या वर्षी मिळणार नाही. हिंगण्याच्या लहान वर्कशॉपवाल्याने हा कायदा पाठ करून ठेवावा. कारण त्याचे बिल अडले की त्याच्याकडच्या दहा माणसांचा पगार अडतो.

आणि अदमास बांधायला बसाल तेव्हा कामगाराचा प्रतिनिधीही बोलवा. हे मी उपकार म्हणून मागत नाही. माल उठतो आहे की गुदामात चढत चालला आहे, हे माल चढवणाऱ्या हमालाला कचेरीतल्या कागदाच्या आधी दिसते. पण त्याला कोणी विचारीत नाही.

या सभागृहात दुकानदार आहेत, कारखान्यांचे अधिकारी आहेत, हिशेबनीस आहेत. पुढच्या हंगामाची मागणी लिहाल तेव्हा दोन प्रश्न स्वतःला विचारा. हा आकडा गिऱ्हाइकाचा आहे, की माझ्या भीतीचा? आणि तो चुकला तर चुकीचे पैसे कोण देणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘ज्याला विचारलेच नाही तो’ असे येत असेल, तर कागदावर सही करण्यापूर्वी थोडे थांबा.