जुन्या गिरणींतील नवें कार्यालय

जालन्यास ‘सोन्याचा पाळणा’ म्हणतात. त्या सोन्यांत कापसाचा वाटा थोडा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाडहून लोहमार्ग आल्यावर येथें सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे कारखाने वाढले. असा एखादा कारखाना बंद पडला, तर त्याची वास्तु पाडावी कीं वापरावी?

मुंबईंत लोअर परळच्या कमला व मथुरादास गिरण्यांच्या आवारांत कापड जाऊन कचेऱ्या आल्या. निरनिराळ्या धंद्यांचे लोक एकाच दालनांत भाड्यानें मेज घेऊन बसतात, त्या ‘को-वर्किंग’ पद्धतीस गिरणीची वास्तु फार सोयीची. छत उंच, मधल्या भिंती थोड्या. कित्येक गिरण्यांचें छप्पर करवतीच्या दात्यांसारखें व कांच उत्तरेस. त्यामुळें ऊन न येतां सारखा उजेड मिळतो.

तेव्हां पक्क्या खोल्या घालून ही मोकळीक दवडूं नये, असें आम्हांस वाटतें. चाकांवरचे आडपडदे, घडीचीं मेजें व वरून सोडलेल्या विजेच्या तारा असल्या, म्हणजे सकाळची चौघांची बैठक दुपारीं चाळीसांची सभा होते. जालन्याच्या उन्हाळ्यांत पत्र्याखालीं उष्णता अडविणारा थर मात्र अवश्य हवा.

२९ डिसेंबर २०१७ रोजीं कमला गिरणीच्या आवारांत गच्चीवरील उपाहारगृहांत आग लागून १४ माणसें दगावलीं, हें विसरतां कामा नये. आडपडदे हवे तसे हलवावे. परंतु बाहेर पडण्याच्या दोन वाटा जमिनीवर रंगानें आंखून सदैव मोकळ्या ठेवाव्या. जेथें कापूस पेटूं नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपावें लागे, तेथें माणसांसाठीं तितकी दक्षता नको काय?