कॅबिनेटची मंजुरी म्हणजे कायदा नव्हे

केंद्रीय मंत्रिमंडळाने एखाद्या विधेयकाला मंजुरी दिली की त्याच संध्याकाळी ‘नवा कायदा लागू’ असे निरोप मोबाइलवर फिरू लागतात. भारताच्या केंद्र सरकारविषयी प्रचलित असलेल्या गैरसमजांपैकी हा सर्वांत चिवट आहे. तो निरुपद्रवीही नाही, कारण त्याच्या भरवशावर माणसे पगाराचे, भाडेकराराचे, निवृत्तीचे हिशेब मांडतात. वस्तुस्थिती सरळ आहे. कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आहे. मंत्रिमंडळ मंजुरी देते ती विधेयक संसदेत मांडण्यापुरती.

त्याआधीची वाट सरकारच्या आतली असते. संबंधित मंत्रालय मंत्रिमंडळासाठी टिपण तयार करते, इतर मंत्रालयांचे अभिप्राय घेते आणि मसुद्यावर विधी मंत्रालयाचा हात फिरतो. मंजुरीनंतर विधेयक संसदेत जाते, कधी समितीकडे जाते, दोन्ही सभागृहांत संमत व्हावे लागते आणि मग अनुच्छेद १११ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते.

‘एक देश, एक निवडणूक’चे उदाहरण पाहावे. मंत्रिमंडळाने एकत्र निवडणुकांविषयीचा कोविंद समितीचा अहवाल १८ सप्टेंबर २०२४ रोजी स्वीकारला आणि डिसेंबरमध्ये विधेयकाला मंजुरी दिली. दोन्ही वेळा ‘आता एकत्र निवडणुका’ असाच गाजावाजा झाला. प्रत्यक्षात १७ डिसेंबरला विधेयक लोकसभेत नुसते मांडण्यावर मतदान झाले, तेव्हा बाजूने २६९ आणि विरोधात १९८ मते पडली. मांडायला साधे बहुमत पुरते. पण हे विधेयक घटनादुरुस्तीचे, आणि घटनादुरुस्ती संमत व्हायला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत, अशी दोन्ही लागतात. त्या दिवशी मतदान केलेल्या ४६७ जणांचे दोन तृतीयांश म्हणजे ३१२. हा हिशेब समोर असताना मंत्रिमंडळाच्या मंजुरीलाच अंतिम निकाल मानणे अनाकलनीय आहे. विधेयक पुढे संयुक्त समितीकडे गेले.

राष्ट्रपतींची सही झाली तरी काम संपतेच असे नाही. बहुतेक केंद्रीय कायद्यांच्या अगदी पहिल्या कलमात एक वाक्य असते: केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या तारखेपासून हा कायदा अमलात येईल. हे वाक्य वाचायचा कंटाळा फार महागात पडतो. चार कामगार संहितांपैकी वेतन संहिता २०१९ मध्ये आणि उरलेल्या तीन सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत संमत झाल्या. त्या लागू झाल्याचे सरकारने जाहीर केले २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. मधल्या काळात ‘पुढच्या महिन्यापासून हातात पगार कमी पडणार’ ही अफवा पुन्हा पुन्हा उठली आणि दर वेळी खरी मानली गेली. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याला डिसेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, १० जानेवारी २०२० पासून तो अमलात आला, पण त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. नियमांअभावी मधली चार वर्षे त्याखाली अर्ज करण्याची सोयच नव्हती. दिल्ली भाडे कायदा, १९९५ ची गोष्ट तर याहून पुढची: संसदेने तो संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो लागू करणारी अधिसूचना निघालीच नाही.

कायदा मागे घेतानाही हीच वाट चालावी लागते. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी तीन कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा केली, म्हणून ते त्या दिवशी रद्द झाले नाहीत. २४ नोव्हेंबरला मंत्रिमंडळाने रद्दीकरण विधेयकाला मंजुरी दिली, २९ तारखेला संसदेने ते संमत केले आणि त्यानंतर राष्ट्रपतींची संमती मिळाली.

मग मंत्रिमंडळाच्या निर्णयाने थेट काहीच घडत नाही का? घडते, आणि गोंधळाचे मूळ इथेच आहे. जे काम कायद्याविना सरकारच्या कार्यकारी अधिकारात बसते, त्याला संसदेकडे जावे लागत नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने मिळाला; त्यासाठी विधेयक लागले नाही. मात्र अशा निर्णयातही नेमके काय मंजूर झाले ते पाहावे लागते. १६ जानेवारी २०२५ रोजी आठवा वेतन आयोग स्थापण्यास मंजुरी मिळाली आणि लगेच नव्या पगाराचे तक्ते फिरू लागले. आयोगाची कार्यकक्षा ठरली तीच २८ ऑक्टोबरला, आणि अहवालाला १८ महिन्यांची मुदत दिली गेली. तिसरा प्रकार अध्यादेशाचा. संसदेची दोन्ही सभागृहे एकाच वेळी अधिवेशनात नसतील तेव्हा मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती तो काढतात आणि त्याला कायद्याचे बळ असते. पण संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याला संसदेची मान्यता मिळाली नाही तर तो संपतो.

मंत्रिमंडळाच्या रचनेविषयीचे गैरसमज थोडक्यात आटोपता येतात. शपथ घेतलेला प्रत्येक मंत्री कॅबिनेटच्या बैठकीला बसत नाही. ९ जून २०२४ रोजी शपथ घेतलेल्या ७२ जणांत पंतप्रधान आणि ३० कॅबिनेट मंत्री होते. बाकीचे ४१ राज्यमंत्री, त्यांपैकी ५ स्वतंत्र कार्यभाराचे. पंतप्रधान हवे तेवढे मंत्री नेमू शकत नाहीत: ९१ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांसह मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या १५ टक्क्यांवर, म्हणजे ५४३ सदस्यांच्या सभागृहात ८१ वर, रोखली आहे. मंत्री होण्यासाठी आधी खासदार असावे लागत नाही. सहा महिन्यांत व्हावे लागते. पी. व्ही. नरसिंह राव आणि एच. डी. देवेगौडा हे तर पंतप्रधान झाले तेव्हा खासदार नव्हते. पंतप्रधान लोकसभेचाच असावा असेही बंधन नाही. मनमोहन सिंग दहाही वर्षे राज्यसभेत होते. उपपंतप्रधानपद राज्यघटनेत नाही. १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांकडे असलेले ते पद राजकीय मानाचे होते.

प्रत्येक निर्णय बैठकीतच होतो, हाही समज चुकीचा आहे. सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमांतील नियम १२ प्रमाणे पंतप्रधान तातडीच्या प्रसंगी स्वतः निर्णय घेऊन मंत्रिमंडळाची मान्यता मागाहून घेऊ शकतात. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठली ती याच नियमाच्या आधारे. आणीबाणीला मात्र ही सवलत उरलेली नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळवण्यात आले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणीची उद्घोषणा करता येत नाही.